नळकांडं क्रमांक एकतीस

आधी शिट्टी वाजते. त्याची.
डॉक्टर लिंडनाउची, एकाच स्वरातली,
म्हणजे पुढे कुणी हे मेण फिरवलं
तर वेग चुकू नये.
मग ती.
शंभरावर वर्षं झाली,
अजूनही तिचा गळा ऐकायचा
तर त्याची शिट्टी जुळवून घ्यावी लागते.

बर्लिनच्या तळघरात पुठ्ठ्याच्या डबीवर
बारीक, तिरक्या अक्षरात:
हेरेरो स्त्री, वय अंदाजे तीस.
गुरं राखतानाचं गाणं. शब्द निरर्थक.
किनाऱ्यावरची छावणी, एकोणीसशे सात.

गुरं कुठली?
तोवर सगळी गोऱ्यांच्या दावणीला गेली होती.
तारेच्या आत ती काय राखत होती
हे डबीवर नाही.

मी विंडहुकहून गेलेली.
हातमोजे घातले, तीन ठिकाणी सह्या केल्या,
दोन मिनिटं अकरा सेकंद
चाव्यांच्या जुडग्याला अडकवून घरी आणले.
विमानतळावर विचारलं, जाहीर करण्यासारखं काही?
म्हटलं, नाही.

ओचिनेनेला आत्या अल्बर्टीन
अंगणात खुर्ची टाकून बसलेली.
शिंगांच्या टोपीवरून हेडफोन काही बसेना,
टोपी काढायला ती तयार नाही,
म्हणून एकच कान आत सरकवला.
शिट्टी ऐकून म्हणाली,
कुत्र्याला बोलावतोय का हा?
मग गप्प.
मग तिचे ओठ हलायला लागले,
आवाजाच्या किंचित पुढे.

निरर्थक कसलं गं, म्हणाली.
पाणवठे आहेत हे.
ओचिकुंदे, जिथे तांबडी गाय व्याली.
ओकाम्बोरा, जिथे रुसलेला चुलता बसला
तो उठलाच नाही.
ओझोमबांगु, तिथे पाणी ओंजळीनं घ्यायचं,
भांडं बुडवायचं नाही.
ती मोजत चाललीय. पायी.
बघ, श्वास कसा लागतोय, चढ आला.

मी नकाशा पसरला.
ओचिकुंदेचं आता हेलेनेनरूह झालंय,
फाटकाला कुलूप, आत पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव.
ओकाम्बोरावर नुसता एक आकडा.
आत्यानं नकाशाकडे पाहिलंही नाही.

एक मिनिट अठ्ठेचाळीसला
गाणं तुटतं.
खरखर, आणि एक खोकला.
मागून तो जर्मनमध्ये ओरडतो, मोठ्यानं!
परत खोकला.
मग ती पहिल्या नावापासून सुरू करते
आणि मेण संपतं.
ही जागा मी सत्तावीस वेळा ऐकली होती,
गाळून, संथ करून, उलटी.
प्रबंधात लिहून टाकलं होतं:
बुरशीमुळे हानी, सुमारे तीन सेकंद.

बुरशी? आत्यानं हेडफोन काढून
मांडीवर ठेवला, मांजराचं पिल्लू ठेवावं तसा.
शेवटचा पाणवठा आला होता.
आपली माणसं वाळवंटातून तिकडेच निघाली होती,
जी उरली ती.
आणि तिनं मान वर करून पाहिलं
तर तो लिहून घेत होता.
खोकला नाही तो.
गोठ्याला काटे लावतात
तसं लावलं तिनं तोंडाला.

तुला माहीत आहे ते नाव? मी विचारलं.

माझी आजी पाणी प्यायच्या आधी
रोज पुटपुटायची, आत्या म्हणाली,
आणि पुढे झुकली,
आणि झुकता झुकता थांबली.
आमच्या मध्ये, चहाच्या कपाशेजारी
माझा फोन पालथा ठेवलेला.
कडेला लाल ठिपका.
मीच लावला होता, बसताना. सवयीनं.

आत्या खोकली.
दोनदा, अगदी सावकाश.

मी फोन बंद केला.
चहा निवला होता, तिनं परत ठेवला.
पुढचं
इथे नाही.